आलेखांविषयीचे अनुमान संगणकाच्या मदतीने कसे पारखावे

आलेख म्हणजे काही शिरोबिंदू (ठिपके) आणि त्यांतील काही जोड्यांना जोडणाऱ्या कडा. आलेख सिद्धांतात नवे काही सिद्ध करायला वर्षे लागतात, पण चुकीचे अनुमान (खरे वाटणारे, पण सिद्ध न झालेले विधान) खोडून काढायला एकच प्रतिउदाहरण पुरते. त्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्याने संशोधनाची सुरुवात प्रतिउदाहरणाच्या शोधापासून केलेली बरी. या वाटेला वंशही थोर आहे. ऑयलरने १७८२ मध्ये लॅटिन चौरसांबद्दल मांडलेले अनुमान १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी मोडीत काढले. त्यांपैकी शरदचंद्र श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. आज याच कामाला यंत्राची, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची, जोड मिळाली आहे. ती जोड नेमकी कशी आणि कोणत्या क्रमाने वापरावी, हे एकच अनुमान हाती घेऊन पुढे सांगितले आहे.

अनुमान असे आहे. किमान तीन शिरोबिंदूंचा कोणताही जोडलेला आलेख घ्या. त्याच्या संलग्नता मॅट्रिक्सचे (कोणते शिरोबिंदू जोडलेले आहेत ते १ आणि ० ने दाखवणाऱ्या तक्त्याचे) सर्वांत मोठे आयगेनमूल्य काढा. शिरोबिंदूंवर सगळीच शून्य नसलेली मूल्ये अशी ठेवली, की प्रत्येकाच्या शेजाऱ्यांच्या मूल्यांची बेरीज त्याच्या स्वतःच्या मूल्याच्या एकाच ठरावीक पटीत येते, तर ती पट म्हणजे आयगेनमूल्य. मग ज्यांना एकही सामाईक टोक नाही अशा जास्तीत जास्त किती कडा निवडता येतात ते मोजा. हा त्या आलेखाचा जुळणीअंक. शिरोबिंदूंची संख्या न असेल, तर आयगेनमूल्य आणि जुळणीअंक यांची बेरीज √(न−१) + १ पेक्षा कमी होत नाही, असे हे अनुमान सांगते. औशीश आणि हान्सन यांनी संकलित केलेल्या, संगणकाच्या साहाय्याने सुचलेल्या अनुमानांपैकी हे एक आहे. २०२१ मध्ये गणितज्ञ ॲडम वॅग्नर यांनी रीइन्फोर्समेंट लर्निंग (इथे न्यूरल नेटवर्कला मिळालेल्या गुणांवरून शिकवण्याची पद्धत) वापरून त्याला १९ शिरोबिंदूंचे प्रतिउदाहरण शोधले. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न सरावाला उत्तम, कारण आपली पद्धत चालते की नाही हे लगेच कळते.

पहिले काम संगणकाचे नव्हे, कागदाचे आहे. समता कुठे येते ते आधी पाहावे. एक केंद्र आणि त्याला चिकटलेली न−१ पाने (एकच कड असलेले शिरोबिंदू) अशा ताऱ्यात आयगेनमूल्य √(न−१) असते आणि जुळणीअंक १, म्हणजे प्रत्येक न साठी डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी येते. अनुमान मांडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ताराच होता, हे यावरून उघड होते. मग विचारावे की एखादी कड काढून टाकली तर बेरजेचे काय होते. जोडलेल्या आलेखातून कड काढली की महत्तम आयगेनमूल्य घटते, आणि जुळणीअंक वाढण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणून आलेख जोडलेला राहील तोवर कडा काढत जावे. शेवटी उरतो तो वृक्ष (एकही बंद वळसा नसलेला जोडलेला आलेख), आणि त्याची बेरीज मूळ आलेखापेक्षा कमीच असते. याचा अर्थ प्रतिउदाहरण असलेच तर ते एखाद्या वृक्षात सापडायलाच हवे.

या दोन ओळींच्या युक्तिवादाची किंमत आकड्यांतून कळते. १९ शिरोबिंदूंमध्ये १७१ संभाव्य कडा असतात आणि प्रत्येक कड असणे किंवा नसणे असे दोन पर्याय धरले तर एकूण पर्यायांची संख्या ५२ अंकी होते. १९ शिरोबिंदूंचे वृक्ष मात्र, एकरूप (फक्त शिरोबिंदूंची नावे बदलून एकसारखे होणारे) वृक्ष एकदाच मोजल्यास, अवघे ३,१७,९५५ आहेत. एका वृक्षाला एक मिलिसेकंद लागला, तर सगळे तपासायला जेमतेम सव्वापाच मिनिटे लागतील. या प्रश्नाला न्यूरल नेटवर्कची गरज नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे. वॅग्नर यांचा हेतू पद्धत दाखवण्याचा होता, आणि तो रास्त होता. पण ती पद्धत उचलणाऱ्याने आधी कागद-पेन्सिल उचलावी.

यानंतर सर्वंकष गणना. ब्रेंडन मकाय यांची नॉटी ही मोफत प्रणाली यासाठी सर्रास वापरली जाते. तिच्यातील जेंग हा कार्यक्रम दिलेल्या शिरोबिंदूंचे सर्व आलेख, एकरूप आलेखांची पुनरावृत्ती न करता, तयार करून देतो, आणि जेनट्रीजी हा कार्यक्रम वृक्षांसाठी तेच करतो. दोन्हींतून आलेख एकेका ओळीच्या सांकेतिक रूपात बाहेर पडतात. ते पायथॉन या संगणकभाषेत नेटवर्कएक्स या तयार संचाने वाचावेत, आयगेनमूल्ये नमपाय या संचाने काढावीत. सर्वसाधारण आलेखांच्या बाबतीत ही वाट लवकर संपते. १० शिरोबिंदूंचे जोडलेले आलेख १,१७,१६,५७१ आहेत, तर ११ शिरोबिंदूंचे १,००,६७,००,५६५. एका आलेखाला एक मिलिसेकंद धरला तरी ११ साठी साडेअकरा दिवसांहून अधिक वेळ लागतो, आणि १२ चा विचार घरच्या संगणकावर सोडूनच द्यावा.

येथे दोन सापळे आहेत. पहिला दशांश अपूर्णांकांचा. ताऱ्यात समता असते हे वर आलेच आहे. संगणक मात्र आयगेनमूल्य अंदाजाने काढतो, आणि ५ ऐवजी ४.९९९९९९९ असे काही हाती आले की आपला कार्यक्रम प्रत्येक ताऱ्याला प्रतिउदाहरण म्हणून मिरवतो. म्हणून तुलना करताना एक कोटीव्या भागाएवढी तरी सूट ठेवावी आणि त्या सुटीच्या आत येणारी उदाहरणे वेगळ्या फाइलमध्ये नोंदवावीत. ती फेकून मात्र देऊ नयेत, कारण समतेची उदाहरणे पुढे फार उपयोगी पडतात. दुसरा सापळा असा की आयगेनमूल्ये सारखी आली म्हणजे आलेखही सारखेच, असे समजून काही जण यादी छाटतात. श्रीखंडे यांच्याच नावाने ओळखला जाणारा १६ शिरोबिंदूंचा आलेख आणि चार गुणिले चार पटावरील हत्तीच्या चालींचा आलेख यांची सर्व आयगेनमूल्ये जुळतात, तरीही ते एकरूप नाहीत. एकरूपता तपासायची ती नॉटीच्या प्रमाणित रूपानेच, जे एकरूप आलेखांना नेमके सारखे येते.

जिथे वृक्षांसारखी सूट मिळत नाही आणि शिरोबिंदू वीसच्या घरात जातात, तिथे शोधपद्धती लागतात. आधी साधी स्थानिक शोधपद्धती चालवून पाहावी: एक कड बदला, बेरीज घटली तर बदल ठेवा, नाहीतर थोड्या संभाव्यतेनेच ठेवा. ती अडकली की रीइन्फोर्समेंट लर्निंगकडे वळावे. वॅग्नर यांनी वापरलेल्या क्रॉस-एन्ट्रॉपी पद्धतीत न्यूरल नेटवर्क कडा एका ठरलेल्या क्रमाने घेते आणि प्रत्येकीबाबत ठेवायची की नाही हे संभाव्यतेने ठरवते. असे शेकडो आलेख तयार झाले की त्यांना गुण दिले जातात, वरचे थोडे टक्के निवडून त्यांच्यावर नेटवर्कला शिकवले जाते आणि हेच चक्र पुन्हा फिरते. नेटवर्कला आलेख सिद्धांत येत नाही. त्याला फक्त गुण दिसतात. म्हणून गुण देणारे फलन लिहिताना कसोशी हवी. तुटक आलेखाला मोठा दंड ठेवला नाही, तर नेटवर्क कडा टाळून बेरीज शून्यावर नेते आणि आपण व्यर्थ हरखून जातो.

प्रतिउदाहरण हाती आले की खरे काम सुरू होते, आणि बहुतेक जण नेमके इथेच थांबतात. चित्र काढून त्याची ठेवण पाहावी. आपल्या प्रश्नात पाहण्यासारखा वृक्ष असा: क आणि ख ही दोन केंद्रे, दोघांना जोडणारा ग हा एक मधला शिरोबिंदू, आणि प्रत्येक केंद्राला आठ-आठ पाने, एकूण १९ शिरोबिंदू. प्रत्येक कडेचे एक टोक क किंवा ख असल्यामुळे जुळणीअंक २. आयगेनमूल्य काढायला यंत्र लागत नाही. केंद्रांवर १ हे मूल्य ठेवले, तर प्रत्येक पानावर आयगेनमूल्याने भागलेले १ येते आणि ग वर आयगेनमूल्याने भागलेले २. केंद्रापाशी समीकरण मांडले की आयगेनमूल्याचा वर्ग ८ + २, म्हणजे १० मिळतो. बेरीज √१० + २, सुमारे ५.१६२, अनुमानानुसार ती किमान √१८ + १, म्हणजे सुमारे ५.२४३ हवी होती. अनुमान मोडले, आणि तेही शाळकरी बीजगणिताने कुणालाही तपासता येईल अशा रीतीने. शोधनिबंधात द्यायचा पुरावा असाच असावा; कार्यक्रमाने छापलेले दशांश हा पुरावा नव्हे.

आता आठाच्या जागी दुसरे आकडे घालून पाहावेत. सात-सात पाने घेतली तर शिरोबिंदू १७ होतात, आयगेनमूल्य नेमके ३, बेरीज ५, आणि √१६ + १ देखील ५. समता! मघाची वेगळी फाइल इथे कामी येते. मग एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला आठ पाने घ्यावीत. आयगेनमूल्याच्या वर्गाला व म्हटले, तर (व−८)(व−९) = १ हे समीकरण मिळते, त्यातून व सुमारे ९.६१८ आणि बेरीज सुमारे ५.१०१ येते. √१७ + १ मात्र सुमारे ५.१२३ आहे. म्हणजे १८ शिरोबिंदूंवरही अनुमान चुकते.

याहून लहान प्रतिउदाहरण नाही, हेही हाताने दाखवता येते. क्योनिगच्या प्रमेयानुसार वृक्षाचा जुळणीअंक म्हणजे सर्व कडांना स्पर्श करायला लागणाऱ्या शिरोबिंदूंची किमान संख्या. ती म असेल, तर न−१ कडा म शिरोबिंदूंवर वाटल्या जातात, त्यांपैकी एकाची कोटी (त्याला मिळणाऱ्या कडांची संख्या) किमान (न−१)/म असते, आणि आयगेनमूल्य त्या कोटीच्या वर्गमूळाहून कमी नसते. हे अनुमानाच्या विरुद्ध बाजूशी ताडून पाहिले, की अनुमान मोडण्यासाठी √(न−१) हे म + √म पेक्षा मोठे असायला हवे, असे निष्पन्न होते. मात्र म = १ म्हणजे तारा, तिथे समताच असते. न १७ किंवा त्याहून कमी असेल तर √(न−१) चारच्या पुढे जात नाही; म = ३ लाच ४.७३ हून अधिक लागते, त्यामुळे उरतो तो म = २. त्यात दोन्ही केंद्रे एकमेकांना थेट जोडलेली किंवा एका मधल्या शिरोबिंदूने जोडलेली, असे दोनच प्रकार संभवतात. पाने समसमान वाटून दोन्ही तपासायला अर्धे पान पुरते, आणि १७ पर्यंत कुठेही अनुमान मोडत नाही.

निकाल लिहिण्यापूर्वी जुने वाङ्मय चाळावे. वर्णपटीय आलेख सिद्धांतातील (आयगेनमूल्यांवरून आलेख अभ्यासणाऱ्या शाखेतील) अनुमाने अनेकदा वेगळ्या नावाखाली आधीच निकालात निघालेली असतात. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात सुरू झालेल्या ‘हाउस ऑफ ग्राफ्स’ या संग्रहात आपला आलेख आधीपासून आहे का, तेही पाहावे. कार्यक्रम, त्याची आवृत्ती आणि यादृच्छिक संख्यांचे बीज (त्या संख्या तयार करायला दिलेला आरंभीचा आकडा) जतन करून ठेवावे, म्हणजे दुसऱ्याला तोच शोध पुन्हा चालवता येतो.

पद्धत हाताखाली आली की पुढचा प्रश्न घ्यावा. मोठ्या न साठी दोन केंद्रांचा वृक्ष किमान बेरीज देतो का? तीन केंद्रे एका ओळीत घ्या, लगतच्या केंद्रांमध्ये एकेक मधला शिरोबिंदू ठेवा, दोन्ही टोकांच्या केंद्रांना २३ पाने द्या आणि मधल्याला २१. शिरोबिंदू ७२ होतात, आयगेनमूल्य नेमके ५ आणि जुळणीअंक ३, म्हणून बेरीज ८. दोन केंद्रांना ३४ आणि ३५ पाने देऊन तेवढ्याच शिरोबिंदूंवर बेरीज सुमारे ८.०५१ येते. तेव्हा कुठल्यातरी न पासून तीन केंद्रे दोनावर मात करतात. तो न कोणता, आणि चार केंद्रांची पाळी कधी येते, हे शोधून काढायला जेनट्रीजी पुरणार नाही, पण वरचे बीजगणित पुरेल.