उतरत्या उन्हात होड्या आणि किनारा टिपताना या चुका टाळा

उतरत्या उन्हात सोनेरी दिसणारा किनारा छायाचित्रात काळवंडलेला किंवा फिका आला, की दोष कॅमेऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उभे राहण्याची जागा चुकलेली असते. सगळे लक्ष सूर्याकडे लागते आणि होडीवर ऊन कोठून पडते आहे, हे पाहायचे राहून जाते.

सूर्य समोर असला की होडीची आपल्याकडची बाजू सावलीत जाते, आणि चकाकणाऱ्या पाण्यामुळे कॅमेरा एक्स्पोजर (चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश) कमी करत असल्याने ती बाजू जवळजवळ काळीच उमटते. मुद्दाम काळी आकृतीच हवी असेल, तर डोलकाठी मोकळ्या आकाशावर दिसेल आणि शेजारच्या होडीच्या दोरांत मिसळणार नाही, अशी जागा शोधावी. एरवी सूर्य आपल्या खांद्याच्या बाजूला येईपर्यंत चालत जावे. तिरप्या उन्हात फळ्यांमधले सांधे, दोरांचे पीळ आणि सुटलेल्या रंगाचे पापुद्रे उठून दिसतात; माझ्या मते या वेळेचे खरे सौंदर्य सूर्यबिंबापेक्षा या बारकाव्यांत आहे. होडी पांढरी असेल, तर उन्हातली बाजू कोरी पडत नाही ना, हे हिस्टोग्राममध्ये (चित्रातील उजेड-अंधाराचे प्रमाण दाखवणाऱ्या आलेखात) तपासून गरजेनुसार एक्स्पोजर थोडे उतरवावे.

सोनेरी छटाच नाहीशी झाली असेल, तर ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप जुळवणारी सोय) बंद करून ५,५०० केल्विनच्या आसपासचा डेलाइट पर्याय निवडावा. क्षितिज कललेले असेल, तर पडद्यावरची ग्रिड सुरू ठेवावी.

धक्का रेखीव आणि होडी मात्र अस्पष्ट आली, तर फोकसला बोल लावू नये. ट्रायपॉड कितीही भक्कम असला, तरी नांगरलेली होडी सतत डुलत असते आणि १/१५ सेकंदात ती सहज हलते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० पर्यंत वाढवून शटरचा वेग १/२५० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा. थोडा नॉइज (चित्रातील दाणेदारपणा) खपून जातो, हललेली होडी मात्र नंतर सुधारता येत नाही.

पोलरायझरचा (चकाकी कमी करून आकाश गडद करणाऱ्या फिल्टरचा) आकाशावरील परिणाम सूर्याशी काटकोनात सर्वाधिक असतो. सूर्य समोर असताना तो लावून ठेवल्यास एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) प्रकाश मात्र वाया जातो.

सूर्याच्या दिशेने काढलेल्या चित्रांवर धुरकट पडदा दिसल्यास लेन्सवर खारे तुषार बसलेले असण्याची शक्यता असते. ते कोरड्या कापडाने पुसल्यास मिठाच्या कणांनी ओरखडे पडू शकतात, म्हणून आधी ब्लोअर (हवा मारणारा रबरी फुगा) वापरावा आणि मग लेन्सच्या द्रावाने ओलसर केलेले मऊ कापड हलकेच फिरवावे.

सूर्यास्ताची वेळ पाहून निघणारे अनेक जण भरतीची वेळ पाहत नाहीत. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यांवर ती रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे आज संध्याकाळी तरंगणारी होडी आठवड्याने त्याच वेळी चिखलात कललेली सापडू शकते, आणि साधारण पंधरवड्याने त्या वेळचे पाणी पुन्हा पहिल्यासारखे असते. शिवाय एकाच नांगरावर असलेली होडी वारा आणि प्रवाह यांच्यानुसार तोंड फिरवते. हवी ती बाजू सावलीत असेल, तर परत फिरण्याआधी पाणी किती वाजता उलटणार आहे, हे पाहून घ्यावे.