रोबो विद्यार्थ्यांची गोष्ट वाचताना या चुका टाळा

विज्ञानकथेचा उतारा आला की मुलं खूश होतात, आणि गुण मात्र तिथेच जातात. त्यातून वर्गात रोबो बसलेले असले तर विचारूच नका. गेली कित्येक वर्षं मी आकलनाच्या उत्तरपत्रिका तपासते आहे. त्याच त्या चुका लाल पेनाने खुणावून आता जीव दमला, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

रोबो आहे, म्हणजे बिघाडच झाला असणार

ही माझ्या मते सगळ्यांत घातक समजूत. एकदा सरावासाठी मी स्वतःच एक उतारा लिहिला. बारा रोबो विद्यार्थी आणि शिकवणाऱ्या बाई माणूस. बाई सांगतात, आज सर्वांत कमी गुण पडतील त्याची स्मृती पुसली जाईल. सात नंबरचा रोबो फळ्यावरचं किचकट गणित क्षणात सोडवतो. मग चाचणी सुरू होते. चार नंबर अडखळतो, त्याची पाचांपैकी दोनच उत्तरं बरोबर येतात. शेवटी सातची पाळी येते आणि तो पाचही साध्या बेरजा चुकवतो. प्रश्न होता : सातने चुकीची उत्तरं का दिली?

अर्ध्याहून जास्त वर्गाने लिहिलं, ‘त्याच्यात बिघाड झाला होता.’ एकाने बॅटरी उतरल्याचं कारण दिलं. उताऱ्यात बॅटरी हा शब्दसुद्धा नव्हता!

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना उतारा पुन्हा उघडायला लावला. एक बोट बाईंच्या घोषणेवर, दुसरं फळ्यावरच्या गणितावर, तिसरं चारच्या अडखळण्यावर. तिसरं बोट टेकलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, त्याने चारला वाचवलं.” वर्ग एकदम गप्प झाला. उत्तर तिन्ही ओळींत मिळून होतं, एकट्या कुठल्याच ओळीत नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय अशी : प्रश्नात ‘का’ दिसला की त्या कृतीच्या आधीच्या आठ-दहा ओळी पुन्हा वाचायच्या. यंत्र खरोखर बिघडलं असेल तर लेखक खूण ठेवतो. दिवा लुकलुकतो, आवाज खरखरतो, कुणीतरी दुरुस्तीला धावतं. खूण नसेल तर बिघाड तुमच्या मनातला.

बाहेरचे नियम उताऱ्यात घुसवणं

एका हुशार मुलाने ‘रोबोंनी आज्ञा का मोडली?’ या प्रश्नाखाली विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांचे रोबोंसाठीचे तीन नियम (माणसाला इजा करायची नाही, त्याची आज्ञा पाळायची, स्वतःला जपायचं) बिनचूक उतरवले आणि शेवटी लिहिलं, ‘म्हणून असं घडूच शकत नाही.’ उताऱ्यात तर ते घडलं होतं! ते नियम असिमोव्ह यांनी 1942 साली आपल्या कथेसाठी मांडले. दुसऱ्या लेखकाचे रोबो ते पाळायला बांधलेले नाहीत. त्या मुलाचं वाचन दांडगं होतं, म्हणून शून्य देताना मला फार वाईट वाटलं.

मी समासात पेन्सिलने दोन रकाने करते : इथे काय चालतं, काय चालत नाही. रोबो खोटं बोलू शकतात का? त्यांना आठवणी असतात का? उताऱ्यात जे सापडेल तेवढंच लिहायचं.

बाहेरचं ज्ञान दिशा दाखवण्यापुरतं वापरा. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या 1920 सालच्या चेक नाटकातून जगभर गेला, आणि तो ज्या चेक शब्दावरून आला त्याचा अर्थ वेठबिगारी. हुकूम आणि तो मोडणं हे या कथांच्या पोटातच आहे. म्हणून हुकूम एक आणि कृती दुसरी, अशी जागा दिसली की मी तिथे थांबते.

सर्वनामांवरून डोळे मिटून जाणं

मराठीत ही खूण फार मोलाची. माझ्या उताऱ्यात बाई सातला आधी ‘ते यंत्र’ म्हणतात, शेवटच्या परिच्छेदात ‘तो’. त्यांची नजर कुठे बदलली ते या एका शब्दात आहे. मुलं मात्र ‘बाई प्रेमळ होत्या’ एवढंच लिहून मोकळी होतात.

आधी प्रश्न, मग उतारा

वेळ वाचवायची ही युक्ती शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे. माहितीपर उताऱ्यात ती खपून जाईल. कथेत मुलं शब्द हुडकत फिरतात आणि गोष्ट हातून निसटते. पहिलं वाचन पेन खाली ठेवूनच करा. उतावीळ मुलांचा पेन मी काढूनच घेते.

बाकीच्या

नंबरवाल्या पात्रांची गल्लत होते, म्हणून दुसऱ्या वाचनात प्रत्येक नंबर पहिल्यांदा येईल तिथे त्याला गोल करा. ‘प्रोसेसर’सारख्या शब्दाला अडू नका, वाक्य पुरं वाचलं की काम भागतं. निवेदक माणूस आहे असं गृहीत धरू नका, तोही रोबो असू शकतो. आणि स्वमताच्या प्रश्नाला ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा पाठ केलेला निबंध चिकटवू नका. सातने केलं ते तुम्हाला पटलं की नाही, एवढंच मी विचारलेलं असतं.