वाकाचिनाला बग्गी आणि सँडबोर्डिंग करायला निघण्याआधी

पेरूला जाणाऱ्यांनी वाकाचिना अजिबात चुकवू नका. लिमाहून दक्षिणेला साधारण ३०० किमीवर इका शहर आहे, बसने ४-५ तास लागतात, आणि तिथून टॅक्सीने दहा मिनिटांत तुम्ही त्या तळ्यापाशी असता, सगळीकडून वाळूचे डोंगर आणि मधोमध पाणी, ताडाची झाडं. तिथे बग्गीतून, म्हणजे वाळूवर पळणाऱ्या उघड्या मोटारीतून, टेकड्यांवर फिरतात आणि सँडबोर्डिंग करतात, म्हणजे बोर्डवरून (फळीवरून) वाळूच्या उतारावर घसरतात. पण तयारी नीट हवी, कारण तिथली वाळू पिठासारखी बारीक आहे आणि वारा सुटला की कुठेही घुसते.

सगळ्यात आधी मोबाईल. झिपलॉक पिशवीत घाला आणि चेनच्या खिशात ठेवा, उघड्या खिशातून उतारावर पडला तर सापडणं कठीण, आणि लेन्स बदलायचा कॅमेरा असेल तर तिथे लेन्स बदलूच नका. डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल हवा, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावा, त्याला दोरी बांधा, आणि नाकातोंडावर ओढायला एखादा रुमाल असू द्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, मोजे आणि बंद बूट. चप्पल नको, दुपारी वाळू चटके देते. म्हणूनच चारच्या सुमारास निघणारी राईड घ्या, सूर्यास्तही वरून दिसतो, फक्त जून ते ऑगस्ट तिकडे हिवाळा असतो, तेव्हा संध्याकाळी जॅकेट लागतंच.

आता बग्गी. खरी काळजी इथे घ्यायची, बोर्डपेक्षा जास्त. बसल्यावर बेल्ट स्वतः ओढून बघा, नीट लागत नसेल तर सीट बदलून मागा, लाजू नका. मान-पाठ दुखणारे, गरोदर बायका यांनी बसूच नये, दणके जोरात बसतात. पोटभर जेवून जाऊ नका, आणि इका म्हणजे पिस्कोचा (द्राक्षांपासूनच्या दारूचा) प्रदेश, पण पिस्को राईडनंतर! ड्रायव्हरला बऱ्याचदा स्पॅनिशच येतं, त्यामुळे ‘मास देस्पासियो’ (जरा हळू) एवढं पाठ करून जा.

बोर्डाच्या खालच्या बाजूला मेण घासून घ्या, नाहीतर तो अर्ध्यावर अडकतो. पहिल्यांदा पोटावर झोपूनच उतरा, कोपर आत, पाय फाकवलेले, ब्रेक हवा असेल तर बुटांची टोकं वाळूत रोवायची, आणि तोंड बंद. छोट्या टेकडीवर हात बसला की मगच मोठी, उभं राहून करायचं तर त्यानंतर.

सुटे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा, टेकड्यांवर जायची फी बऱ्याचदा वेगळी रोख घेतात. पाण्याची बाटली न्या आणि रिकामी झालेली परत आणा, प्लीज. आसपासच्या विहिरींच्या उपशामुळे ते तळं आधीच आटत आलंय, बाहेरून पाणी सोडून टिकवलंय, त्यात आपला कचरा नको. आणि लिमाची बस राईडला लागून बुक करू नका, मध्ये अंघोळीला वेळ ठेवा, वाळू अक्षरशः कानातून निघते.