शाळेच्या वायफायवर आणि टॅबवर नको त्या साइट कशा बंद करायच्या

राउटरमध्ये लॉगिन कसं करायचं ते सांगत बसत नाही, खालच्या स्टिकरवर सगळं असतं. फक्त तिथला पासवर्ड आधी बदला, तो स्टिकर मुलंपण वाचतात.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधून देणारी सेवा. राउटरमध्ये तिच्या रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा आहे, अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट अडवते. सेव्ह, रीस्टार्ट, झालं. यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेने महागडं सॉफ्टवेअर घ्यायची काही गरज नाही.

खरी गोम पुढे आहे आणि बहुतेक जण इथेच थांबतात. मीपण थांबलो होतो. एका शाळेत सगळं लावून दिलं आणि आठवड्यात सरांचा फोन, सातवीच्या पोराने लॅबमध्ये नको ते उघडलं. मी दोन संध्याकाळी राउटर रीसेट करत बसलो, मग लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ऑल कमांड मारली तर डीएनएसच्या यादीत माझ्या आकड्यांच्या वर कोलनवाला एक लांबलचक पत्ता दिसला. तो आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा (मी टाकलेले आकडे जुन्या आयपीव्ही४चे), नेट कंपनीकडून आपोआप आलेला, त्यामुळे अर्ध्या चौकश्या फिल्टरला वळसा घालून जात होत्या. म्हणून राउटरमध्ये आयपीव्ही६ बंदच करा. फक्त आयपीव्ही४ भरून सगळं होतं असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

टॅबचं आणखी वेगळं. अर्ध्या शाळांत टॅब सिमवर नाहीतर गुरुजींच्या हॉटस्पॉटवर चालतात, तिथे राउटरचा काय उपयोग? अँड्रॉइड ९ पासून पुढे सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस मिळतं, तिथे फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम असं इंग्रजीत, मध्ये स्पेस न देता टाका. हे सिमवरही चालतं आणि वायफायवरही. पण मे महिन्याची सुट्टी झाली की कपाटातल्या टॅबची बॅटरी पार उतरलेली असते, कधीकधी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की प्रायव्हेट डीएनएस जोडलंच जात नाही, नेट पूर्ण बंद. मग कोणीतरी वैतागून ते ऑफ करतं आणि तसंच राहून जातं. नेट चालत नाही अशी तक्रार आली की आधी तारीख बघा, डीएनएसला हात लावू नका. सेटिंगला ॲप लॉक लावा, लॅपटॉपवर मुलांना ॲडमिन नसलेलं खातं द्या.

यूट्यूब सरसकट बंद करू नका, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आणि दीक्षाचे धडे पाहताना कितीतरी व्हिडिओ तिथलेच निघतात. यूट्यूबचाच रिस्ट्रिक्टेड मोड लावा, तो नको ते व्हिडिओ लपवतो, कमेंटही दिसत नाहीत.

तपासायला खरी घाणेरडी साइट शाळेत उघडू नका. न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम हा पत्ता चाचणीसाठीच आहे, उघडला नाही म्हणजे फिल्टर चालू. आणि तपासणी मुलाच्या टॅबवरच करा, स्वतःच्या फोनवर नाही.

फिल्टरला धमकीचे मेसेज थांबवता येत नाहीत. एखाद्या मुलीला कोणी फोटोवरून त्रास देत असेल आणि तिने बाईंना सांगितलं तर तिच्यावर ओरडू नका, फोन काढून घेऊ नका, मेसेज डिलीट करायला लावू नका, तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट घ्या आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा. हा नंबर लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, कागद चिकटवला तर पावसाळ्यात निघतो.