मॉड्यूलमध्ये स्वतः फर्मवेअर चढवताना

रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या ट्रान्समीटरला (हातातल्या रिमोटला) मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल जोडले की एकाच ट्रान्समीटरवरून निरनिराळ्या कंपन्यांचे रिसीव्हर (विमानातले संदेश घेणारे भाग) चालवता येतात. त्याचे कारण म्हणजे आतल्या ४ रेडिओ चिप : फ्लायस्कायसाठी ए७१०५, स्पेक्ट्रमसाठी सीवायआरएफ६९३६, फ्रस्कायसाठी सीसी२५०० आणि छोट्या खेळण्यांतल्या बऱ्याचशा ड्रोनसाठी एनआरएफ२४एल०१. ज्यांच्या मॉड्यूलमध्ये एसटीएम३२ प्रोसेसर आहे, त्यांनी आधी फर्मवेअरची, म्हणजे मॉड्यूल चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, तयार फाइल वापरून पाहावी. बहुतेकांना कंपाइल करण्याची (मूळ प्रोग्रॅमपासून ती फाइल स्वतः बनवण्याची) गरजच पडत नाही. माझे पहिले मॉड्यूल मात्र एटीमेगा ३२८पी या जुन्या प्रोसेसरचे होते. त्याच्या ३२ किलोबाइट मेमरीत सगळे प्रोटोकॉल (रिसीव्हरशी बोलण्याच्या निरनिराळ्या पद्धती) मावत नाहीत, त्यामुळे काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागते.

ही निवड कॉन्फिग फाइलमध्ये करायची असते. नको असलेल्या प्रोटोकॉलच्या ओळीपुढे दोन तिरप्या रेघा दिल्या की ती ओळ कंपाइलर वाचत नाही. पहिल्यांदा मी मोह न आवरता जवळजवळ सगळेच ठेवले आणि आर्डुइनो या कंपाइल करणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रोग्रॅम मेमरीपेक्षा मोठा असल्याचे सांगून काम थांबवले. मग आपल्याकडे खरोखर कोणते रिसीव्हर आहेत याची यादी केली, तेव्हा ती ३ प्रोटोकॉलांतच संपली. बदललेल्या कॉन्फिग फाइलची प्रत बाजूला ठेवावी, कारण नवी आवृत्ती उतरवून घेतली की हे सगळे पुन्हा करावे लागते.

अपलोड करताना दोन गोष्टी चुकू नयेत. प्रोग्रॅमरचा (संगणक आणि मॉड्यूल जोडणाऱ्या उपकरणाचा) व्होल्टेज निवडणारा जंपर ३.३ व्होल्टवर हवा, कारण रेडिओ चिप ५ व्होल्ट सहन करत नाहीत आणि एकदा जळलेली चिप बदलण्यावाचून उपाय राहत नाही. दुसरे म्हणजे मॉड्यूलवरचा १६ स्थानांचा फिरता स्विच शून्यावर आणावा. त्याच्या तारा प्रोग्रॅमरच्याच पिनांवर येत असल्यामुळे तो इतरत्र असेल तर संगणकाला प्रोसेसर सापडत नाही आणि माणूस विनाकारण केबल बदलत बसतो. मी तशा दोन बदलल्या.

माझी मोठी चूक मात्र अपलोड यशस्वी झाल्यानंतर उघडकीस आली. कॉन्फिगमध्ये चॅनलांचा क्रम एलरॉन (पंखांवरच्या झडपा), एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप), थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर (शेपटीची उभी झडप) असा होता, तर माझा ट्रान्समीटर थ्रॉटल, एलरॉन, एलिव्हेटर, रडर या क्रमाने पाठवत होता. थ्रॉटलची काठी पुढे सरकवली की एलरॉन हलत होते आणि मोटरचा ताबा एलिव्हेटरच्या काठीकडे गेला होता. ती काठी स्प्रिंगमुळे मधोमध थांबते. म्हणून ईएससीला (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटला) थ्रॉटल अर्धे उघडे दिसत होते आणि ते मोटर सुरू न करता नुसते बीप देत राहिले. मी ती काठी खाली ओढून सोडली असती, तर मोटर हाताजवळ फिरली असती. पंखा काढून ठेवलेला होता, एवढाच शहाणपणा मी केला होता. तेव्हापासून प्रत्येक अपलोडनंतर मी पंखा काढून, काठ्या हलवून चारही चॅनल एकेक करून तपासतो.

सीसी२५०० वापरणाऱ्या प्रोटोकॉलांना आणखी एक काम लागते. प्रत्येक चिपची फ्रिक्वेन्सी किंचित वेगळी असते, त्यामुळे टेबलावर बाइंड (ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची जोडणी) उत्तम होते आणि थोडे दूर गेले की संपर्क तुटतो. ट्रान्समीटरच्या मेनूमध्ये फ्रिक्वेन्सीचा आकडा आधी कमी करत, मग वाढवत न्यावा, संपर्क दोन्हीकडे जिथे तुटतो ते आकडे लिहून घ्यावेत आणि त्यांच्या मधला आकडा कायम करावा. त्यानंतरच रेंज-चेक (ट्रान्समीटरची शक्ती कमी करणारी चाचणी) लावून सुमारे ३० मीटर चालत जावे आणि शेवटी ट्रान्समीटर बंद करून फेलसेफमध्ये (संपर्क तुटल्यावरच्या स्थितीत) मोटर खरोखर थांबते का, हे पाहावे.