एकटं वाटतंय? कॉलेजात वाचलेली कादंबरी परत काढा, पण अशी

नोकरीसाठी घणसोली-कोपरखैरणेला रूम घेऊन राहणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय, आणि मुलं परदेशी गेल्यावर घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये दोघंच उरलेल्या काका-काकूंसाठीपण. आजूबाजूला माणसं ढीगभर, बोलायला कोणी नाही. अशा वेळी नवीन पुस्तकात मन लागत नाही, दोन पानं झाली की हात मोबाईलकडे जातो, म्हणून सतरा-अठराव्या वर्षी रात्र जागून जे वाचलं होतं तेच घ्या. त्यातली माणसं ओळखीची असतात, परत पहिल्यापासून ओळख करून घ्यायला नको.

माझ्यासाठी ती 'कोसला'. नेमाडेंची, १९६३ सालची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला येतो, होस्टेल, मेस, मित्र सगळं असतं तरी त्याला कुठेच आपलं वाटत नाही आणि शेवटी तो गावी परततो. होस्टेलच्या खाटेवर हे वाचताना पहिल्यांदा कळलं की असं फक्त आपल्यालाच होत नाही, आणि खरं औषध तेच आहे. आता वाचते तेव्हा त्याचे वडीलपण दिसतात, तेव्हा त्यांचा नुसता राग यायचा.

पान एकपासून सुरू करायलाच हवं असं अजिबात नाही. जो भाग आठवतो तिथे उघडा. पण घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर 'कोसला'तला मनीचा, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग सध्या सोडा, तो फार आत लागतो, नंतर वाचा.

आणि मोठ्याने वाचा हो! दिवसभर कोणाशी बोलणं झालेलं नसतं, पांडुरंगचं ते वाक्यावाक्याला 'उदाहरणार्थ', 'वगैरे' म्हणणं आपल्याच आवाजात ऐकलं की रूममध्ये कोणीतरी बोलतंय असं वाटतं, मला तर हसूच येतं. शेजाऱ्यांचं टेन्शन घेऊ नका. पीजीत जमत नसेल तर ठाण्याहून सुटणाऱ्या वाशी लोकलमध्ये खिडकी पकडून मनातल्या मनात, फोन बॅगेत टाकून.

जुनी प्रत गावच्या कपाटात असेल तर मागवून घ्या, समासात केलेल्या खुणा सापडतात. नाहीतर ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मेंबर व्हा. ऑनलाईन मागवण्यापेक्षा हे बरं, त्या निमित्ताने बाहेर पडणं होतं, काउंटरवर चार शब्द बोलणं होतं.

झोप उडालीय, जेवण जात नाही, जगावंसंच वाटत नाही असं असेल तर पुस्तकावर थांबू नका, टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे फोन करा, मराठीत बोला.

एक काम मात्र नक्की करा. तेव्हा ज्याने किंवा जिने हे पुस्तक हातात दिलं होतं त्यांना आवडत्या पानाचा फोटो पाठवा, खाली एवढंच, 'हे आठवतंय का?' इतक्या वर्षांनी नुसतं 'कसा आहेस' विचारायला अवघड वाटतं, हे सोपं पडतं. रिप्लाय आला की टाईप करत बसू नका, सरळ फोन लावा.