मंदीत इंजिनिअरिंगचे काम शोधताना या चुका टाळा

२००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आमच्या शेडमध्ये तिचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. पुढच्या चार-पाच महिन्यांत मात्र हीट एक्स्चेंजरच्या (नळ्यांमधून एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या) दोन मोठ्या ऑर्डरी थांबल्या, वेल्डिंग होऊन तयार असलेली शेल, म्हणजे त्यांची बाहेरची कवचे, तशीच पडून राहिली आणि फेब्रुवारीअखेर आम्हा अकरा जणांना नोकरीवरून निरोप मिळाला. त्यानंतरचे सात महिने मी घरी होतो. त्यांतले निदान चार महिने मंदीमुळे नव्हे, तर माझ्या स्वतःच्या चुकांमुळे वाया गेले, असे मी आज विचारपूर्वक म्हणतो. पुढे उमेदवार निवडण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्याच चुका एकामागून एक इतरांकडून होताना पाहिल्या, म्हणून त्या येथे मांडत आहे.

जागा शोधणे आणि काम न शोधणे

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गेलेली जागा जशीच्या तशी दुसरीकडे शोधत राहणे. मी डिझाइन इंजिनिअर होतो, म्हणून डिझाइन इंजिनिअरच्याच जाहिराती पाहत असे. परंतु मंदीत नवे प्रकल्प थांबतात आणि ते थांबले की डिझाइन व प्रोजेक्ट या विभागांतील भरती सर्वांत आधी बंद होते. जो कारखाना उभा आहे, तो मात्र चालवावाच लागतो. बडोद्याजवळच्या कोयलीची तेलाची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. अशा ठिकाणी उत्पादन कमी केले तरी पंपाचे सील गळायचे थांबत नाही, बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत साधारण वर्षभराने संपतेच आणि एक्स्चेंजरच्या नळ्या किती झिजल्या हे मोजावेच लागते. उलट नवे यंत्र घ्यायला पैसा नसतो तेव्हा जुन्याच्या दुरुस्तीचे काम वाढते. नव्या ट्रान्सफॉर्मरची खरेदी पुढे ढकलणारा कारखानदार जुन्याचे तेल फिल्टर करून घेतो, अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये ते तेल किती व्होल्टेज सोसते याची चाचणी करून घेतो आणि वेळ आलीच तर वाइंडिंग बदलतो. देखभाल, तपासणी, चाचणी, सुटे भाग आणि शटडाऊन (कारखाना ठरवून काही दिवस बंद ठेवून केलेली दुरुस्ती) या कामांना माणसे लागतच राहतात. मात्र त्यांच्या जाहिराती क्वचितच निघतात.

पाचव्या महिन्यात मी एक वही घेतली आणि आजवर ज्या ज्या एक्स्चेंजरवर काम केले होते, ते आज कोणत्या कारखान्यात बसलेले आहेत याची यादी केली. सत्तावीस नग निघाले. त्यांतील नऊ नग दहा वर्षांहून जुने होते, म्हणजे त्यांच्या नळ्या बदलण्याची वेळ जवळ आलेली असणार. त्या कारखान्यांची अशी कामे कोणते ठेकेदार करतात, हे जुन्या ओळखीतून विचारून घेतले आणि ‘नोकरी आहे का’ असे न विचारता ‘या नगाचे ड्रॉइंग मी केलेले आहे, रिट्यूबिंग निघाले तर मला बोलवा’ असे सांगितले. तिसऱ्याच ठेकेदाराने बोलावले. प्रत्येक इंजिनिअरकडे अशी एक यादी असते. आपण ज्यावर हात फिरवला ती यंत्रे कुठेतरी जुनी होत असतातच. ही वही पहिल्या आठवड्यात करावयास हवी होती.

बायोडाटात पद लिहिणे, काम न लिहिणे

मागे एकदा दांडिया बाजारातील आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा बायोडाटा घेऊन आला. “काका, चाळीस ठिकाणी पाठवला, एकाचेही उत्तर नाही,” म्हणाला. कागदावर लिहिले होते : ‘मशीन शॉपमध्ये उत्पादन व गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली.’ हे वाक्य कोणाच्याही बायोडाटात चालले असते, म्हणूनच ते कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. नेमके काय केलेस, असे विचारल्यावर तो पंधरा मिनिटे बोलत होता. पंपाच्या पातळ भिंतीच्या केसिंगचे (बाहेरच्या कवचाचे) बोअर, म्हणजे आतले गोल भोक, मशीनवर असताना बरोबर माप दाखवी आणि क्लॅम्पची पकड सोडली की अंडाकृती होई. महिन्याला दहा-बारा नग रिजेक्ट होत. सगळे टूलला दोष देत होते. क्लॅम्पच्या दाबाने केसिंगच वाकते आणि दाब सुटला की ती मूळ आकारात परतते, हे याने डायल (बारीक फरक मोजणारे उपकरण) लावून दाखवून दिले. क्लॅम्पची जागा बदलून तो जाड कडेवर घेतला आणि रिजेक्शन दोन-तीन नगांवर आले. मी त्याला हेच तीन ओळींत लिहावयास सांगितले. तंगीच्या दिवसांत कारखानदार माणूस घेतो तो रिजेक्शन, गळती आणि बंद पडलेली मशीन यांच्या खर्चाला कंटाळून. त्याला त्या खर्चाशी झुंजलेला माणूस कागदावर दिसला पाहिजे.

मधला रिकामा काळ लपविण्यासाठी तारखा ताणणे ही याच जातीची, पण अधिक गंभीर चूक आहे. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत प्रत्येक नोकरीच्या सुरुवातीची व शेवटची तारीख असते आणि पडताळणीत ती पाहिली जाते.

नोकरी गेल्याचे लपविणे

आपल्या मराठी घरांत नोकरी गेली हे चारचौघांत सांगणे फार जड जाते. मी स्वतः दोन महिने सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होतो आणि कमाटी बागेत जाऊन बसत होतो. त्या काळात ज्यांच्याकडे काम होते, त्यांना मी मोकळा आहे हेच कळले नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, त्यातून पुढे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी उभी राहिली. तेथून शिकून गेलेली माणसे आसपासच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे आहेत. त्यांना लाजून टाळू नका, आणि त्यांच्यावर बायोडाटाही लादू नका. आपल्याकडे सध्या कोणते काम अडले आहे, एवढे विचारा.

हाती काही नसताना पुण्याला जाणे

‘इथे काही राहिले नाही, पुण्याला जातो’ हे वाक्य मी प्रत्येक मंदीत ऐकले आहे. पुण्याच्या कारखानदारीचा मोठा भाग वाहन उद्योगावर उभा आहे आणि वाहनांची मागणी मंदीत लवकर घटते. बडोद्यात रसायने, खते, वीज उपकरणे, जवळच्या सावली गावी बनणारे मेट्रोचे डबे असा निरनिराळा पसारा आहे आणि हे सर्व धंदे एकाच वेळी सहसा बसत नाहीत. मुलाखतीची तारीख हातात असेल तर अवश्य जावे. केवळ मामाचे घर तिथे आहे म्हणून जाणारा मुलगा खोलीभाड्यात बचत संपवून परत येतो.

ज्यांची पदवी नुकतीच झाली आहे, त्यांनी १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालील प्रशिक्षणाला कमी लेखू नये. कायम भरती बंद असतानाही ही दारे बऱ्याच ठिकाणी उघडी असतात. याच काळात गेट ही इंजिनिअरिंगची राष्ट्रीय परीक्षा द्यावी, कारण तिचा स्कोअर तीन वर्षे चालतो आणि अनेक सरकारी कंपन्या तो मानतात. नेमणुकीसाठी ‘डिपॉझिट’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

कागद न घेता निघणे

‘राजीनामा द्या, पुढे अडचण नको’ असे कोणी म्हटले की आपण धक्क्यातच सही करतो. आमच्यातील एकाची चार वर्षे आणि काही महिने झाले होते. सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळते आणि तिचा हिशोब दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तोही महिन्याचे २६ दिवस धरून, असा होतो. त्याने एक रात्र थांबून तारीख पाहिली असती, तर निदान ती पुढे ढकलण्याविषयी बोलता आले असते. सही करण्यापूर्वी तो कागद घरी न्यावा आणि जाणत्याला दाखवावा.

शटडाऊनच्या कामाला हेच अधिक लागू आहे. महिना-दीड महिन्याच्या त्या कामात दिवसरात्रीच्या पाळ्या असतात आणि पत्राची आठवण कोणाला राहत नाही. काम संपण्याच्या आदल्या दिवशी, ठेकेदाराची कॅबिन साइटवर असतानाच, सुरुवातीची व शेवटची तारीख, कोणत्या युनिटवर काम केले आणि कोणत्या तपासण्यांवर आपली सही आहे, एवढे लेटरहेडवर लिहून घ्यावे. तिसऱ्या दिवशी ती कॅबिन ट्रेलरवर चढून दहेज बंदराकडच्या दुसऱ्या कामावर गेलेली असते आणि शिक्का तिच्या ड्रॉवरमध्ये असतो.